कार्यालय हलते तेव्हा काय हलते?

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. पीएमटीच्या काळापासून तिथला बसथांबाही याच नावाने ओळखला जातो. शाळेत असताना एकदा मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारले होते, "सिमला तर हिमालयात आहे ना? मग त्याचं ऑफिस इथं कसं?" आप्पा म्हणाले होते, "ऑफिसं फिरतात गं. माणसांची बदली होते तशी ऑफिसांचीही होते." त्या वेळी हे उत्तर मला पुरले. पुढे काही वर्षांनी आप्पांच्याच कार्यालयाची बदली झाली, आणि मग कळले की ते उत्तर अर्धवट होते.

मी बी.कॉम. आहे. तीस वर्षे खाजगी पेढ्यांमध्ये हिशेब लिहिण्याचे काम करते. प्रशासनाच्या इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. रविवारी ग्रंथालयात बसून आणि हाती लागतील ते अहवाल वाचून जे जमले तेवढेच. पण 'खर्च वाचवण्यासाठी सरकारी कार्यालय दुसऱ्या गावी हलवावे का?' हा प्रश्न शेवटी जमाखर्चाचाच आहे, आणि जमाखर्च मला वाचता येतो, एवढ्या भांडवलावर हा लेख लिहिते आहे.

आधी सिमला ऑफिसची गोष्ट. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची दाणादाण उडवली. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. अशा आपत्तींनंतर देशभरच्या हवेच्या नोंदी एका जागी यायला हव्यात हे इंग्रज सरकारला पटले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्यालय कलकत्त्याला होते. १९०५ मध्ये ते सिमल्याला गेले, १९२८ मध्ये पुण्यात आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलले. सत्तर वर्षांच्या आत चार पत्ते. सिमल्याहून आलेले कार्यालय म्हणून पुणेकर त्याला सिमला ऑफिस म्हणू लागले. मुख्यालय दिल्लीला जाऊन आठ दशके उलटली, तरी नाव टिकून आहे. नावाबरोबर पुण्यात आणखीही काही राहिले. त्याकडे शेवटी वळणार आहे.

*

कार्यालय हलवले की पैसे वाचतात, हे म्हणणे मुळीच खोटे नाही. राजधानीतली जागा महाग असते आणि भाडे दरवर्षी वाढते. शिवाय पगाराचा एक भाग गावावर ठरतो. केंद्र सरकारी नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. मुंबई, पुणे, दिल्लीसारखी आठ शहरे एक्स वर्गात येतात. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचल्यापासून या तीन वर्गांत मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के घरभाडे भत्ता मिळतो.

एक साधे गणित मांडू. समजा, एका कार्यालयात ३०० माणसे आहेत आणि प्रत्येकाचे मूळ वेतन सरासरी ५०,००० रुपये आहे. हे कार्यालय मुंबईहून झेड वर्गातल्या गावी नेले, तर माणशी घरभाडे भत्ता १५,००० वरून ५,००० वर येईल. महिन्याला ३० लाख, वर्षाला ३ कोटी ६० लाख रुपये वाचले. जागेच्या भाड्याची बचत निराळी. मुंबईतली रिकामी झालेली जागा भाड्याने दिली, तर उत्पन्न वर. कागदावर हा हिशेब इतका स्वच्छ दिसतो की त्याला विरोध करणारा माणूस एकतर आळशी वाटतो किंवा स्वार्थी.

पण कोणताही हिशेबनीस पहिल्यांदा हे विचारील की दुसरी बाजू कुठे आहे? सामान हलवण्याचा खर्च, बदली भत्ता, काही महिने दोन्हीकडचे भाडे ही कलमे सहसा धरलेली असतात, कारण त्यांची बिले येतात. जे लोक नव्या गावी जाणारच नाहीत त्यांच्याबरोबर जाणाऱ्या अनुभवाचे बिल येत नाही. नव्या माणसाला काम शिकवण्यात जुन्याचे जे तास जातात त्यांचे येत नाही. कामाला उशीर झाला म्हणून ज्याचे नुकसान झाले, तो तर सरकारच्या वहीत नसतोच. बिल येत नाही म्हणून खर्च झाला नाही असे जो हिशेबनीस मानील, त्याला आमच्या पेढीत कोणी ठेवून घेणार नाही.

हे तर्काने म्हणता येते, पण त्याची परीक्षा घेतल्याचे उदाहरण आहे का, असा शोध मी घेत होते. आपल्याकडे कार्यालये हलतात, पण हलल्यानंतर काय झाले याची तपासणी होऊन तिचा अहवाल लोकांसमोर आल्याचे क्वचितच दिसते. अमेरिकेत मात्र असे एक प्रकरण अलीकडेच घडले आणि ते सरकारी लेखापरीक्षकांनी तपासलेही. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

*

अमेरिकेच्या कृषी खात्यात 'इकॉनॉमिक रिसर्च सर्व्हिस' नावाची संस्था आहे. १९६१ मध्ये ती स्थापन झाली. शेतकऱ्याचे उत्पन्न किती, कर्ज किती, पिकांचे भाव कुठे चालले आहेत, गरिबांच्या अन्नमदतीचा काय परिणाम होतो, व्यापारबंदीचा फटका कुणाला बसतो, असल्या गोष्टींचा अभ्यास करणारी ही अर्थतज्ज्ञांची संस्था. तिच्या आकड्यांवर संसदेत कायदे ठरतात आणि बाजारात सौदेही. तिच्याच जोडीला शेतीविषयक संशोधनासाठी विद्यापीठांना अनुदान देणारी 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फूड अँड अॅग्रिकल्चर' ही दुसरी संस्था. दोन्ही वॉशिंग्टनमध्ये होत्या.

ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री सॉनी पर्ड्यू यांनी जाहीर केले की या दोन्ही संस्था वॉशिंग्टनबाहेर जातील. कारणे तीन दिली: खर्च वाचेल, माणसे भरणे आणि टिकवणे सोपे होईल, आणि संस्था शेतकऱ्यांच्या जवळ जातील. ३५ राज्यांतून १३६ प्रस्ताव आले. कार्यालय आपल्या गावी यावे असे कुणाला वाटणार नाही? १३ जून २०१९ रोजी कॅन्सस सिटी परिसराची निवड जाहीर झाली. खात्याच्या हिशेबाप्रमाणे १५ वर्षांत सुमारे ३० कोटी डॉलर वाचणार होते.

त्या दिवशी मंत्री कर्मचाऱ्यांसमोर बोलायला उभे राहिले, तेव्हा अनेक कर्मचारी जागेवरून उठून त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. ही माणसे काही घोषणा देणारी नव्हती; आयुष्य गव्हाच्या आणि दुधाच्या आकड्यांत घालवलेली होती. इकॉनॉमिक रिसर्च सर्व्हिसमधील ३२९ पदांपैकी ७६ वॉशिंग्टनमध्ये राहणार होती, बाकीची २५३ जाणार होती. दुसऱ्या संस्थेतील ३१५ पैकी फक्त २१ राहणार होती. जाणार की नाही हे सांगायला कर्मचाऱ्यांना जेमतेम महिनाभर मिळाला. नव्या शहरात कायमची इमारत कोणती, हेही तेव्हा ठरलेले नव्हते. ज्याची बायको वॉशिंग्टनमध्ये शिक्षिका आहे, ज्याची आई तिथल्या दवाखान्यात उपचार घेते, ज्याची मुले दहावी-बारावीत आहेत, त्याने महिन्याभरात काय ठरवावे? बहुतेकांनी नकार दिला. कुणी निवृत्ती घेतली, कुणी दुसऱ्या खात्यात गेले, कुणी विद्यापीठात.

कृषी अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने खात्याचा हिशेब तपासला आणि निष्कर्ष उलटा काढला: वॉशिंग्टनमध्ये राहण्याचा खर्च फुगवून धरला आहे, आणि सोडून जाणाऱ्या तज्ज्ञांमुळे बुडणाऱ्या संशोधनाची किंमत धरलेलीच नाही; ती धरली तर या स्थलांतरात बचत नसून तोटा आहे. संघटनेत या संस्थेचे आजी-माजी सहकारी होते, म्हणून तिचे म्हणणे बाजूला ठेवले तरी चालेल. पण पुढे संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये जे दोन अहवाल दिले, ते बाजूला ठेवता येत नाहीत.

पहिल्या अहवालाचा सारांश असा की खात्याने केलेल्या आर्थिक विश्लेषणात कर्मचारी सोडून जाण्याचा आणि नव्यांना तयार करण्याचा खर्च यांसारखी महत्त्वाची कलमे नव्हती. दुसऱ्या अहवालाने प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले. दोन्ही संस्थांची माणसे आणि काम दोन्ही घटले. एका संस्थेचे महत्त्वाचे अहवाल कमी निघाले, दुसरीला अनुदाने वाटायला जास्त वेळ लागू लागला. २०२१ पर्यंत संख्या बरीचशी भरून आली, पण भरलेली माणसे बहुतांशी नवी होती, अनुभव कमी होता. आणखी एक गोष्ट अहवालाने नोंदवली. अनुदान देणाऱ्या संस्थेत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय मध्यमवर्गाला सरकारी नोकरीने उभे केलेले शहर. तिथून कार्यालय उचलले की कोण मागे राहणार, हे ठरल्यासारखेच होते.

या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटलेली नोंद हिशेबाच्या कागदात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे तेव्हाचे प्रभारी चीफ ऑफ स्टाफ मिक मुल्वेनी एका जाहीर भाषणात म्हणाले की सरकारी नोकराला काढणे जवळपास अशक्य असते; पण त्याला राजधानीबाहेर जा म्हटले की तो आपण होऊन सोडतो, आणि सरकार आटोपशीर करण्याचा हा छानच मार्ग आहे. म्हणजे माणसे गळणे हा त्यांच्या दृष्टीने तोटा नव्हता, तोच नफा होता. खुर्ची रिकामी झाली की पगार वाचतो. वहीत ती बचत दिसते. खुर्चीवरचे काम कुठे गेले, हे वहीत दिसत नाही.

याच सुमारास तिथल्या सार्वजनिक जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट'चे मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शन या छोट्या शहरात नेण्यात आले. इथे कारण वरवर पाहता अधिक पटणारे होते, कारण या खात्याच्या बहुतेक सगळ्या जमिनी पश्चिमेकडच्या राज्यांतच आहेत. पदे हलवायची होती ३२८. त्यांपैकी २८७ जणांनी निवृत्ती घेतली किंवा काम सोडले. ४१ जण पश्चिमेला गेले, आणि प्रत्यक्ष ग्रँड जंक्शनला गेले तीन. सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या सरकारने मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला आणायचे ठरवले. जायचा खर्च झाला, यायचाही होणार होता, आणि मधल्या दोन वर्षांत गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

ब्रिटनमध्ये असेच आधी घडून गेले होते. २००४ मध्ये सर मायकेल लायन्स यांच्या अहवालाने लंडन आणि आसपासची २०,००० सरकारी पदे बाहेर न्यावीत अशी शिफारस केली. त्या धोरणात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय वेल्समधल्या न्यूपोर्टला गेले. लंडनमधल्या सुमारे ९० टक्के कर्मचाऱ्यांनी जायचे नाकारले. २०१६ मध्ये सर चार्ल्स बीन यांनी ब्रिटनच्या आर्थिक आकडेवारीचा आढावा घेतला, तेव्हा आकडेवारीचा दर्जा घसरण्यामागे या स्थलांतरातून झालेली अनुभवाची हानी हे एक कारण म्हणून नोंदवावे लागले. दशक उलटले तरी खड्डा भरला नव्हता.

इतके होऊनही धडा घेतला जातोच असे नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पुन्हा जाहीर केले की वॉशिंग्टन परिसरातल्या सुमारे ४,६०० कर्मचाऱ्यांपैकी २,००० पेक्षा जास्त तिथे ठेवायचे नाहीत; बाकीच्यांनी पाच शहरांत जायचे. त्यात कॅन्सस सिटी आहेच. दिलेल्या कारणांत स्थानिक भत्ता आहे: वॉशिंग्टनमध्ये तो सुमारे ३४ टक्के, कॅन्सस सिटीत सुमारे १९. आपल्या एक्स, वाय, झेडचेच हे गणित.

*

एवढे वाचून 'कार्यालये आहेत तिथेच राहू द्यावीत' असा निष्कर्ष कुणी काढील, तर मी त्याच्या बाजूने नाही. सगळे काही राजधानीतच का असावे, हा प्रश्न खरा आहे. राजधानीत जन्मलेल्याला जी नोकरी घराजवळ मिळते, तिच्यासाठी लातूरच्या किंवा गोंदियाच्या मुलाला घर सोडावे लागते. तेव्हा कुणी त्याच्या आईच्या औषधपाण्याचा हिशेब मांडत नाही. कॅन्सस सिटीत नव्याने लागलेल्या तरुणांनाही ती नोकरी परक्या शहरात न जाता मिळाली असेल. न्यूपोर्टमध्येही पुढे नवी माणसे घडली; २०१७ मध्ये तिथे माहितीविज्ञानाचे एक केंद्रही उभे राहिले. नागपूर कराराची आठवण म्हणून दर हिवाळ्यात आपले विधिमंडळ नागपूरला भरते आणि दर हिवाळ्यात त्याच्या खर्चावर टीका होते. पण विदर्भातल्या माणसाला विचारा, हा खर्च वाचवावा का? काही खर्च हे नात्याचे असतात. सरकार आपल्या दारी येते, याची ती किंमत असते.

जम्मू-काश्मीरमधल्या 'दरबार मूव्ह'ने हे फार चांगले दाखवले. १८७२ मध्ये महाराजा रणबीरसिंह यांनी सुरू केलेली ही प्रथा. उन्हाळ्यात सरकार श्रीनगरला, हिवाळ्यात जम्मूला. ट्रक भरभरून फायली आणि हजारो कर्मचारी वर्षातून दोनदा सुमारे तीनशे किलोमीटर प्रवास करीत. मे २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या प्रथेला कायद्याचा आधार नाही असे सांगून तिच्या खर्चावर बोट ठेवले. जून २०२१ मध्ये नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जाहीर केले की फायली संगणकावर आल्या आहेत, आता ही ये-जा लागणार नाही आणि वर्षाला २०० कोटी रुपये वाचतील.

इथे कार्यालय न हलवण्यात बचत होती, आणि बहुतेकांना ती पटलीही. मग जम्मूच्या बाजारपेठेतून तक्रारी सुरू झाल्या. हिवाळ्यात खोऱ्यातून येणारी कुटुंबे यायची थांबली, दुकाने आणि भाड्याच्या खोल्या ओस पडल्या. आणि गल्ल्याच्या हिशेबापलीकडचे एक म्हणणे पुढे आले: दोन प्रदेशांतली माणसे सहा महिने शेजारी राहत होती, ते बंद झाले. शेवटी २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ओमर अब्दुल्ला सरकारने ही प्रथा पुन्हा सुरू केली. बचत चार वर्षे टिकली. २०० कोटींचा आकडा खोटा असेल असे नाही. त्याच्यासमोर मांडायच्या गोष्टींना आकडा नव्हता, म्हणून त्या मांडल्या गेल्या नाहीत, इतकेच.

कार्यालय हलवण्याची गोष्ट निघाली की मराठी माणसाला देवगिरी आठवते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली आणि पुढे त्याला मागे फिरावे लागले. 'तुघलकी' हा शब्द त्याने आपल्याला देऊन ठेवला. पण न्यायाने बोलायचे तर त्याचा हेतू काटकसरीचा नव्हता. एवढ्या मोठ्या दक्षिणेवर दिल्लीतून राज्य करणे कठीण जात होते, हे कारण खरे होते. चूक झाली ती माणसांना सामानासारखे हलवता येईल असे मानण्यात. ही चूक करायला सुलतान असावे लागत नाही. एक परिपत्रकही पुरते.

*

आता आप्पांबद्दल. ते एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड कीपर होते. कोणत्या, ते सांगत नाही. त्या खात्यात आजही भली माणसे आहेत. कार्यालय पुण्यात एका पेठेतल्या भाड्याच्या वाड्यात होते. खालच्या सोप्यात आप्पांचे दप्तर. मांजरपाटाच्या रुमालात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर गावाचे नाव, वर्ष आणि अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर: कायम ठेवायचे, तीस वर्षे ठेवायचे, असे. नोंदवही होतीच. पण पानशेतच्या पुरानंतर काही रुमाल भिजले, ते वाळवून जिथे जागा मिळाली तिथे ठेवले गेले आणि वहीतली जागा व प्रत्यक्षातली जागा यांची कायमची फारकत झाली. ती कुठे कशी झाली, हे फक्त आप्पांच्या डोक्यात होते. त्यांच्या आधीच्या कारकुनाने त्यांना ते तोंडी सांगितले होते.

१९८० नंतरच्या दशकात सरकारने भाडे वाचवायचे ठरवले. दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी सरकारची स्वतःची इमारत रिकामी होती. आदेश आला. आजी अंथरुणाला खिळलेली, माझी दहावी. आप्पांनी महिनाभर विचार केला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. रुमाल ट्रकमध्ये भरताना ते दोन दिवस उभे होते. प्रत्येक गठ्ठा कुठला, हे लिहून देतो, मला पंधरा दिवस द्या, असे त्यांनी साहेबांना विनवले. ट्रकचे भाडे दिवसाचे होते. पंधरा दिवस मिळाले नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षे आमच्या घरी माणसे यायची. मावळातली, मुळशीकडची, टोपी हातात धरून दारात उभी राहणारी. "आप्पासाहेब, आमचा कागद मिळत नाही. तिकडचे म्हणतात, पुण्याहून आलाच नाही." दोन एसट्या बदलून जायचे, मजुरी बुडवायची, 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत यायचे. आप्पा डोळे मिटून सांगत, "पौड पेट्याचा निळ्या किनारीचा रुमाल बघायला सांगा, त्यात चुकून बांधलाय." कुणाचा कागद मिळे, कुणाचा मिळत नसे. एक बाई तीनदा आल्या. नवऱ्याच्या जमिनीच्या मोबदल्याचा निवाडा हवा होता. आप्पांनी चार ठिकाणे सांगितली, चारही ठिकाणी नव्हता. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. आप्पा शेवटपर्यंत अधूनमधून त्यांचे नाव घेत. "त्या बाईंचा कागद होता गं. मी पाहिलाय."

वाड्याचे भाडे किती होते, हे मी मोठी झाल्यावर शोधून काढले. खरेच वाचले होते ते. सरकारच्या वहीत ती बचत बरोबर आहे. पण हिशेबनीस म्हणून मला दिसते ते असे की तो खर्च नाहीसा झाला नाही. तो सरकारच्या खात्यातून निघून त्या बाईंच्या आणि एसटीच्या तिकिटांच्या खात्यात गेला. तिथे कुणी वही ठेवत नव्हते.

*

आता परत सिमला ऑफिसकडे येऊ. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तेव्हा सगळे खाते गेले नाही. उपकरणे, हवामानाच्या जुन्या नोंदी, शेतीसाठीचे हवामानशास्त्र हे विभाग पुण्यातच राहिले. शेतीचा विभाग १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली पुण्यातच सुरू झालेला होता. त्याचे प्रयोग, त्याची माणसे इथली होती. उपकरण विभाग इथे राहिला म्हणून १९४८ मध्ये अॅना मणी पुण्यात रुजू झाल्या आणि परदेशातून आणावी लागणारी शंभराच्या आसपास उपकरणे देशात तयार व्हावीत यासाठी त्यांनी आराखडे प्रमाणित केले. १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था पुण्यात निघाली, त्यालाही इथे आधीच जमलेला जाणकारांचा गोतावळा कारण होता. देशभरच्या नोंदींचे राष्ट्रीय भांडार आजही पुण्यात आहे. मॉन्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचे काम वर्षानुवर्षे इथेच झाले. तो दिल्लीतून जाहीर होतो, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे दिल्लीला गेले ते सरकारशी बोलायचे काम; ज्या कामाला दप्तर आणि जुनी माणसे लागत होती, ते इथेच राहू दिले. हे फार दूरदृष्टीने केले की युद्धाच्या धामधुमीत जमले तसे झाले, याच्या खोलात मी शिरत नाही. परिणाम मात्र समोर आहे. तीन वेळा हलूनही खात्याची स्मृती शाबूत राहिली.

यावरून मला वाटते, कार्यालय म्हणजे तीन गोष्टी: पत्ता, दप्तर आणि माणसे. पत्ता एका आदेशाने बदलतो. दप्तर ट्रकने जाते. आता तर संगणकाने क्षणात जाते, पण कुठला रुमाल कुठे, हे सांगणारा कुणीतरी तेव्हाही लागतोच. माणसे मात्र आपल्या पायांनी जातात किंवा जात नाहीत. बचतीचा हिशेब नेहमी पत्त्याचा मांडला जातो, आणि नुकसान होते ते माणसांचे.

म्हणून उद्या एखादे कार्यालय आपल्या गावातून जाणार म्हणून आपण चिडू, किंवा आपल्या गावी येणार म्हणून पेढे वाटू, त्याआधी काही प्रश्न विचारावेत. किती माणसे खरोखर जाणार आहेत, हे आदेशाआधी विचारले आहे का? जी जाणार नाहीत त्यांचे काम दुसऱ्याला शिकवायला किती अवधी दिला आहे? ज्यांना या कार्यालयात यावे लागते त्यांचा प्रवास वाढणार की कमी होणार, आणि तो खर्च कुठल्या रकान्यात लिहिला आहे? पाच वर्षांनी हिशेब पुन्हा तपासून लोकांसमोर ठेवला जाणार आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील, तर कार्यालय खुशाल हलवावे. गोंदियाला न्यावे, लातूरला न्यावे, मला आनंदच होईल. उत्तरे नसतील, तर वाचणारा पैसा कुणाच्या खिशातून येतो आहे हे आधी पाहावे.

आप्पांनी मागितले होते पंधरा दिवस. पंधरा दिवसांचे ट्रकचे भाडे त्या काळच्या दराने किती झाले असते, तेही मी काढून ठेवले आहे. वाड्याच्या तीन महिन्यांच्या भाड्याहूनही ते कमी होते.